एक्क्याण्णव टक्के पायथॉन

१

रविवारी सकाळी चांगुणाआजीनं देवपूजेसाठी गावविहिरीत कळशी सोडली, ती पाण्याला लागायच्या ऐवजी खडकावर आपटून ठणकली. आजीनं दोर ओढला, पुन्हा सोडला. पुन्हा तीच ठणठण. मग तिनं जी बोंब ठोकली ती पारनेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

जांभूळदऱ्यात पाणी चोरणं म्हणजे देवळातली मूर्ती पळवण्यासारखं. माणसं किती, जनावरं किती, पाणी किती, याचा हिशेब तिथं दरवर्षी ग्रामसभेत मोठ्यानं वाचतात, आणि होळीनंतर गावविहिरीचं पाणी पिण्याखेरीज कशालाही लावत नाहीत. गावात टँकर आल्याला कैक वर्षं झाली होती. शेजारच्या गावांना हे ऐकवायला मिळावं म्हणून इथली माणसं मुद्दाम त्यांच्या लग्नांना जात. आणि आता ऐन मे महिन्यात विहीर कोरडी, टेकडीवरची टाकी काठोकाठ, आणि टाकीमागचा ओढा ओला! रात्रभर मोटार चालली होती, टाकी भरून वाहिली होती आणि गावाचं पाणी खडकानं पिऊन टाकलं होतं.

खरं तर टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हायला हवी. तसा प्रोग्रॅम रोहिणी दहिफळेनं लिहिला होता. रोहिणी ही पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांची मुलगी. आईबाप या गावात सालानं कामाला राहिले, गावानं त्यांना शाळेमागची खोली दिली आणि पोरगी नगरला कॉम्प्युटर शिकून आली. गावाला तिचं कौतुक होतं. विहिरीत पाणी होतं तोवर कौतुकही होतं.

सरपंच सविताताई झावरे विहिरीवर पोचल्या त्या थेट, आत न डोकावता, मोटारीच्या खोलीला कुलूप घालून, किल्ली कमरेला खोचूनच परतल्या. मग त्यांनी पंचायतीचा कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर शनिवारी संध्याकाळची एक नवी फाईल होती, आणि तिच्यात फक्त तीन ओळी:

AUTO = 1
PHASE = 3
DELAY = 60

सविताताई डी. एड. झालेल्या, निवाडा सरळ करणाऱ्या बाई. प्रोग्रॅमचा तुकडा टाकला की तो कुठल्या भाषेतला आहे ते सांगणारी एक वेबसाईट त्यांनी शोधली आणि या तीन ओळी तिला दाखवल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं: पायथॉन, एक्क्याण्णव टक्के.

अख्ख्या गावात पायथॉन एकट्या रोहिणीला येत होतं. सोमवारी संध्याकाळी ग्रामसभा घेऊन तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायचा ठराव करायचा, असं ठरलं.

२

लंकाबाईचा, म्हणजे रोहिणीच्या आईचा, फोन आला तेव्हा विजयमालाबाई नेवाशाजवळ भावाच्या मळ्यात न्याहारीला बसल्या होत्या. नगरच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म कॉम्प्युटर शिकवला, रोहिणीलाही. जीभ तिखट, पाय दुखरे, आणि निवृत्तीनंतर करायला काही नाही म्हणून सगळ्या जगावर राग. त्यात भावाचा मोबाईल सारखा कोकलत होता. मळ्यात लाईट आली-गेली की त्याच्या मोटारीचा डबा त्याला फोन करून कळवायचा. भाऊ वैतागून तो कापायचा आणि भाकरी पुढं मोडायचा.

"बाई, तुमी याच," लंकाबाई फोनवर म्हणाली. "लेकरू जेवंना, बोलंना. मला लई भ्या वाटतंय."

सोमवारी दुपारी विजयमालाबाई शाळेमागच्या खोलीत शिरल्या आणि दारातच थबकल्या. रोहिणी भिंतीला टेकून बसली होती. लंकाबाई तिच्याशेजारी. आईच्या पदराचं टोक आणि पोरीच्या ओढणीचं टोक यांची एक घट्ट गाठ मारलेली होती.

"ही गाठ कसली?"

"डोळा लागला तर कळावं म्हनून," लंकाबाई हळूच म्हणाली. "विहीर लई जवळ हाय, बाई. कोरडी हाय म्हनून काय झालं?"

विजयमालाबाईंनी पोरीकडं पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावर बसून त्यांच्या चुका काढणारी पोरगी ती हीच. आता नजर वर उचलत नव्हती.

"रोहिणी, त्या तीन ओळी तुझ्या आहेत?"

"नाहीत, मॅडम. शनिवारी मी नगरला परीक्षेला होते, आत्याकडं मुक्कामी. पण नगरात बसूनही करता येतं म्हणतात. असल्या ओळी तर वीस भाषांत बसतात. मी घसा फोडून सांगितलं. गोरखतात्या म्हणाले, चोर दुसरं काय सांगणार?"

"तुझ्यावर राग का?"

"मागच्या सभेत तात्या म्हणाले, कॉम्प्युटर काढून टाका, आमी हातानं मोटार चालवत हुतो तेच बरं. मला राग आला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, काढा, मग बघू पाणी कसं राहतं ते."

आता या वाक्याला काय करायचं? तोंडातून गेलेला शब्द आणि ओढ्याला गेलेलं पाणी, दोन्ही परत येत नाहीत. सभेला काही तास उरले होते.

३

पंचायतीच्या कचेरीत लाईट नव्हती. वळवाचा वारा सुटला होता आणि गावठाणाची, म्हणजे वस्तीतली, लाईट दुपारपासून ये-जा करत होती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू होता, पंखा मात्र निपचित. सविताताईंच्या शेजारी गोरक्षनाथ पठारे बसले होते. हेच ते गोरखतात्या. पाणी समितीचे अध्यक्ष, पांढरी टोपी, आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब वाचणारा खणखणीत आवाज.

"माणसांवर सोडलं असतं ना मॅडम, तर ऊसतोड्याची पोरगी म्हणून निकाल आधीच लागला असता," सविताताई म्हणाल्या. "म्हणून मी मशीनला विचारलं. मशीनला जात नाही, गाव नाही."

"लाजही नाही," विजयमालाबाई म्हणाल्या. "उघडा ती फाईल."

फाईल उघडली आणि त्या दचकून मागं सरकल्या. अक्षरं केवढाली! तीन ओळींनी पडदा भरून गेला होता.

"अक्षरं तुम्ही मोठी केलीत?"

"नाही, उघडली तेव्हा अशीच होती."

बाईंनी वेबसाईट उघडली आणि दोन बोटांनी टाईप केलं: CHAHA = 2, SAKHAR = 3, DUDH = 1. एकाखाली एक. उत्तर आलं: पायथॉन, एकोणनव्वद टक्के.

"सविताताई, हा माझा सकाळचा चहा आहे."

मग त्यांनी रोहिणीचा मोटारीचा खरा प्रोग्रॅम काढला, तो खरंच पायथॉनमधला होता, आणि त्याच्या वरच्या तीन ओळी वेबसाईटला घातल्या. उत्तर आलं: रुबी, चौऱ्याहत्तर टक्के. सविताताईंचा चेहरा उतरला.

"हिला मी नावं ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "पानभर मजकूर दिला तर बरोबर ओळखेल. तीन ओळींत कुणीही फसेल. पण 'मला ठाऊक नाही' म्हणणं हिच्या रक्तात नाही. जेवढ्या भाषा येतात त्यांतलं एक नाव उचलायचं आणि चिकटवायचं. आणि हा मुळात प्रोग्रॅम आहे का, असं तिला कुणी विचारलंच नाही."

तेवढ्यात लाईट आली. पंखा कुरकुरत फिरायला लागला आणि गोरखतात्यांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी तो हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिला आणि कापला.

"कर्ज घ्या म्हनत्यात," ते पुटपुटले. "दिसभर डोकं खात्यात."

"तुमची शेती किती दूर, तात्या?"

"वड्याच्या पल्याड. पन माझी मोटार होळीपास्नं बंद हाय. विहीरच आटली. ह्या आठवड्यात शेतीची लाईट बी रातची हाय, असून काय उपेग?"

पंखा थांबला. लाईट गेली. दोन मिनिटांनी परत आली, पंखा फिरला, आणि तात्यांचा मोबाईल पुन्हा वाजला. या खेपेला त्यांनी तो बंदच करून टाकला.

"मॅडम," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज सभेतल्यासारखा खणखणीत झाला, "तुमची चहाची गंमत झाली. मशीन चुकलं म्हना. मग पानी गेलं कसं? ह्या वळी आकाशातनं पडल्या? दुसरं नाव हाय तुमच्याकडं?"

नव्हतं. आणि नाव नसेल तर गाव हातातलं नाव सोडणार नाही, हे विजयमालाबाईंना चांगलं ठाऊक होतं.

४

दुसरं नाव सुनीलचं असू शकलं असतं. सुप्याच्या या वायरमननं मोटारीचं पॅनल बसवलं होतं आणि त्यालाही प्रोग्रॅम लिहिता येत होते. सभेसाठी बोलावल्यामुळं तो मोटारीच्या खोलीसमोर लिंबाखाली मोटारसायकलवर बसला होता.

"मी सी भाषेत लिहितो, मॅडम," तो तोंडभर हसून म्हणाला. "मशीननं पायथॉन सांगितलं. माझा संबंधच नाही."

"मशीननं माझ्या चहालाही पायथॉन सांगितलंय. तेव्हा हसू आवरा."

सुनीलचं हसू मावळलं. "मॅडम, आईशप्पथ, संक्रांतीनंतर पॅनल बसवलं, तेव्हापासून मी इकडं फिरकलो नाही. बिघाड झाल्याचा फोनसुद्धा कुणी केला नाही. कोरं करकरीत पॅनल होतं, कागदी खोक्यातून माझ्या हातानं काढलेलं."

"मेन स्विच कुठं?"

"तो बाहेर, भिंतीला. आत फक्त पॅनल."

खोलीला सरपंचांचं कुलूप होतं, पण खिडकीला नुसते गज. बाईंनी गजांना डोळा लावून आत पाहिलं. भिंतीवर राखाडी पॅनल होतं. त्याच्या खाली, तारेनं बांधलेला, एक लहानसा निळा डबा लोंबत होता. झाकणावर हळदकुंकवाची पुटं चढलेली. आणि तारेत खोचलेलं एक वाळकं पान, मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं.

"हा निळा डबा तुमचा?"

सुनील खिडकीला चिकटला. "नाही! हा मी बसवलेलाच नाही. आणि माझ्या पॅनलची वायर सोडून मोटार त्याला जोडलीय. म्हणजे रोहिणीचा प्रोग्रॅम गेला बोंबलत, मोटार ह्या डब्याच्या हुकमावर!"

विजयमालाबाई त्या पानाकडं बघत राहिल्या. ते आपट्याचं पान होतं. दसऱ्याला अवजारांची, यंत्रांची पूजा होते, त्यांना सोनं वाहतात. पॅनल आलं संक्रांतीनंतर. म्हणजे या डब्यानं मागचा दसरा दुसऱ्याच कुणाच्या विहिरीवर साजरा केला होता.

कुणाच्या?

मागून कुणीतरी धावत येत होतं. लंकाबाई! तिच्या पदराला गाठ तशीच होती, पण गाठीत नुसती ओढणी लोंबत होती.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "पोरगी सुटली!"

५

रोहिणी विहिरीवर नव्हती. ती शाळेच्या पटांगणात, जिथं सभेची सतरंजी अंथरली जात होती, तिथं एकटीच बसली होती. विजयमालाबाई तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या.

"मी कबूल करणार आहे, मॅडम."

"काय कबूल करणार आहेस?"

"मीच केलं म्हणून. तात्या काल येऊन गेले. म्हणाले, कबूल कर, मी गावाला हात जोडून सांभाळून घेतो. तुझ्या आईबापाला खोली सोडाय लागनार न्हाई. नाही केलंस तर माझ्या हातात काई न्हाई." "आईनं माझ्या शिक्षणापायी उसाच्या फडात बोटं तोडून घेतलीत. तिला पुन्हा पालात राहायला लावू? आणि खरं सांगू? सगळे इतक्या खात्रीनं बोलतात की रात्री मलाही वाटायला लागलं, असेल, मीच लिहिलं असेल आणि विसरले असेन."

विजयमालाबाईंना जोरात रडू आलं आणि त्याहून जोरात राग. शहाण्या पोरीला एका आकड्यानं स्वतःच्या मनातून उतरवलं होतं!

पण रागाबरोबर एक गोष्ट लख्ख झाली. काल. तात्या कालच येऊन गेले होते. वेबसाईटनं नाव सांगितलं होतं, सभा ठरली होती, मग गुन्हा शाबीत झालेल्या पोरीचा कबुलीजबाब तात्यांना एवढा का हवा होता? ज्याला निकालाची खात्री असते तो कबुलीची भीक मागत नाही.

त्यांनी डोळे मिटले. मोठाली अक्षरं. हात लांब करून पाहिलेला मोबाईल. फिरणारा पंखा आणि वाजणारा खिसा. नेवाशात भाकरी मोडता मोडता फोन कापणारा भाऊ.

"रोहिणी," त्या म्हणाल्या, "मी बोलेपर्यंत तू तोंड उघडलंस तर परीक्षेत नापास करीन."

६

सभा भरली. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मधे कुणीच बसेना अशा जागी रोहिणी. लंकाबाईनं पदर आणि ओढणीची गाठ पुन्हा मारून टाकली होती. सविताताईंनी विजयमालाबाईंना बोलायला सांगितलं.

"मला फार बोलायचं नाही. समितीच्या सगळ्यांनी आपापले मोबाईल चालू करून टेबलावर ठेवा."

कुजबुज झाली. मोबाईल आले. गोरखतात्यांचा सगळ्यांत शेवटी आला.

"सुनील मोटारीच्या खोलीपाशी उभा आहे. मी हात वर केला की तो मेन स्विच पाडून पुन्हा चढवेल. बस्स, एवढंच."

त्यांनी हात वर केला. सुनीलनं खटका पाडला. चढवला. मग टेबलावर एक मोबाईल थरथरला आणि वाजायला लागला.

विजयमालाबाईंनी तो उचलून स्पीकर लावला. एक गोड, यांत्रिक बाई बोलायला लागली: "नमस्कार. आपल्या मोटारीची लाईट आली आहे. विहिरीत पाणी नाही. मोटार बंद आहे. नमस्कार. आपल्या मोटारीची—"

"हा मोबाईल गोरखतात्यांचा," बाई म्हणाल्या. "होळीपासून बंद असलेली त्यांची मोटार त्यांना फोन करते आहे. तीही दिवसाढवळ्या, शेतीची लाईट रात्रीची असताना. कचेरीतला पंखा फिरला की तिचा फोन येतो, कारण पंखा आणि ती एकाच गावठाणाच्या लाईटवर आहेत. खोलीत आपल्या पॅनलखाली एक निळा डबा बांधलाय, दसऱ्याचं सोनं अजून अंगावर असलेला. त्यानं पूजा घेतली तात्यांच्या मळ्यात आणि पाणी प्यायलं गावाचं."

"आन् त्या तीन वळी?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो प्रोग्रॅमच नाही. कुठल्याच भाषेतला नाही. त्या डब्याला मोबाईलवरून करायचा मेसेज आहे: लाईट आली की आपोआप चालू हो, तिन्ही फेज बघ, मिनिटभर थांब. तुमच्यातल्या निम्म्यांच्या मळ्यात असे डबे आहेत. हीच अक्षरं मोबाईलवर दिसली असती तर तुम्ही ओळखली असती. कॉम्प्युटरवर दिसली म्हणून सगळ्यांनी प्रोग्रॅम मानलं, मशीननंही. दुकानदारानं पाठवलेला मेसेज ज्याला मोबाईलवर वाचता येईना, त्यानं तो कचेरीच्या कॉम्प्युटरवर घेऊन अक्षरं मोठी केली. बंद करताना कॉम्प्युटर 'हे ठेवू का?' असं विचारतो. त्यानं हो म्हटलं."

सगळ्या नजरा गोरखतात्यांकडं वळल्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"शनवारी पॅनल जळालं," ते म्हणाले. खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "टाकी रिकामी. दुसऱ्या दिशी गावात लग्नाचं वऱ्हाड येनार. पोरगी नगरला गेल्ती. म्हनलं, तिला कशाला इचारायचं, आमी काय मोटारी चालवल्या न्हाईत का? मळ्यातला डबा आनून लावला. दुकानदाराकडनं मेसेज मागवून मळ्यात लावतो तसाच आपोआपवर लावला. मळ्यात लाईट घटकाभर येती आन् जाती, मोटार आपसूक बंद पडती. गावठाणाची लाईट रातभर ऱ्हाती, हे ध्यानातच आलं न्हाई. सकाळी डबा काढाय गेलो, तर सरपंचांचं कुलूप."

"आणि मशीननं पोरीचं नाव घेतलं तेव्हा?" सविताताईंनी विचारलं.

तात्यांनी मांडीवरच्या टोपीची घडी घातली. "इतकी वर्सं पान्याचा हिशेब मी वाचला, ताई. गावात टँकर आननारा म्हनून माझंच नाव लागलं असतं."

"म्हणून तिचं लावलंत," विजयमालाबाई म्हणाल्या.

चांगुणाआजी उठली आणि तात्यांच्या अंगावरून, त्यांच्याकडं न बघता, रोहिणीजवळ जाऊन बसली. मग आणखी एक बाई उठली. मग आणखी. मधली मोकळी जागा भरून गेली. सविताताई उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी मशीनला विचारलं आणि पोरीला विचारलं नाही." तक्रारीचं पुढं काय करायचं यावर गलका सुरू झाला, पण त्यात आता रोहिणीचं नाव नव्हतं.

लंकाबाई गाठ सोडायला लागली. अर्धी बोटं फडात कोयत्यानं तुटलेली, गाठ काही सुटेना. शेवटी रोहिणीनंच मान वाकवून ती दातांनी सोडवली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती मान वर करून उभी राहिली.

"सुनीलदादा, पक्कड आहे का? पॅनलमधलं जळालं काय ते बघू. विहिरीला पाझर लागला की मोटार तयार पाहिजे."

अंधारून यायला लागलं होतं. रोहिणी विहिरीच्या दिशेनं चालायला लागली. लंकाबाई उठली, दोन पावलं मागं गेली आणि थांबली.

मग तिनं पदर खांद्यावर घेतला आणि लेकीला जाऊ दिलं.